नकाशा कोरा, सातबारा भरलेला

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि एकमेकांच्या गोष्टीत आपली गोष्ट मिसळत खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत एक मत आता नियमासारखे सांगितले जाते: काल्पनिक शहर आधीपासून तपशीलवार मांडून ठेवू नये. खेळ चालवणाऱ्याने, ज्याला खेळाडू गेम मास्टर म्हणतात आणि आपल्या रंगभूमीच्या भाषेत सूत्रधार म्हणता येईल त्याने, चार ठळक रेघा ओढाव्यात आणि उरलेली जागा कोरी ठेवावी. खेळाडूंची पावले वळतील तिकडे गल्ली तयार होईल. या मताप्रमाणे पेठापेठांची वर्णने, दुकानदारांची नावे, कायद्यांच्या याद्या आणि व्यापारी संघांची भांडणे छापून देणारे जाड ग्रंथ खेळाडूंचे हात बांधतात, सूत्रधाराला पाठांतराला बसवतात आणि कल्पनाशक्ती लंगडी करतात. हे म्हणणारे खेळावर प्रेम करणारे लोक आहेत. त्यांच्या म्हणण्यात खरेपणाचा एक भागही आहे आणि तो मी पुढे मान्य करणार आहे. पण त्यांचा मुख्य निष्कर्ष चुकला आहे. शहराचा तपशील खेळाडूचे स्वातंत्र्य वाढवतो, आणि कोरी जागा सोडलेले शहर दिसते तेवढे मोकळे कधीच नसते. हे पटवून घ्यायला दूरच्या कल्पित नगरीत जायची गरज नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे रबाळे पुरेसे आहे.

रबाळे हे ट्रान्स हार्बर मार्गावर ऐरोली आणि घणसोलीच्या मधले स्थानक. पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी औद्योगिक वसाहत, पश्चिमेला खारफुटी आणि ठाण्याची खाडी, आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत हमरस्ता, रूळ, गावठाण आणि सेक्टर. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि त्याच दशकात या पट्ट्यातल्या जमिनी कारखान्यांसाठी घेतल्या जाऊ लागल्या. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहराच्या आराखड्यात आला. त्या आराखड्यामागची दृष्टी मोठी होती. पण आराखड्याच्या कागदावर मोकळी दिसणारी जमीन सातबाऱ्यावर मोकळी नव्हती. तिथे आगरी आणि कोळी कुटुंबांची नावे होती, भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध आणि पाणी सोडायच्या उघाड्या होत्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई आणि दास्तान फाट्याला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. आजही या पट्ट्यात ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. या शहराच्या इतिहासाचा सारांश एका वाक्यात मावतो: नकाशा कोरा होता, सातबारा भरलेला होता, आणि शहर सातबाऱ्याने घडवले.

कोऱ्या शहराच्या समर्थकांकडून नेमकी हीच गोष्ट निसटते. सूत्रधाराने जागा रिकामी ठेवली म्हणजे ती खेळाडूंची झाली, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात ती जागा कुणाचीच राहत नाही, आणि जी जागा कुणाचीच नाही तिथे काही करण्याला अर्थ उरत नाही. पात्र एखाद्या गल्लीत शिरले आणि गल्ली त्या क्षणी जन्माला आली, तर त्या गल्लीला भूतकाळ नसतो. तिथल्या माणसाला आधीचे कर्ज नसते, शेजाऱ्याशी बांधावरून झालेला वाद नसतो, कुणाला भ्यायचे कारण नसते. पात्राने तिथे घर पेटवले काय किंवा घर बांधले काय, त्याला आडवे येणारे कुणी नसते, कारण आडवे यायला आधीपासून तिथे असावे लागते. मग सूत्रधार विरोध जागच्या जागी तयार करतो. पहारेकरी येतात, गुंड येतात, आणि त्यांचे बळ पात्रांच्या बळाला बेतून ठरते. असे शहर खेळाडूंच्या भोवती फिरते. खेळाडू केंद्रस्थानी असल्याचा आनंद काही बैठका टिकतो. नंतर आपण काय निवडले याने फारसा फरक पडत नाही हे त्यांच्या लक्षात येते, कारण डावीकडे वळलो असतो तरी सूत्रधाराच्या मनातले तेच पुढे आले असते. खेळाडूचे स्वातंत्र्य म्हणजे परिणाम ओळखून निवड करण्याची सोय, आणि परिणाम ओळखायला शहर आपल्या आधीपासून तिथे असावे लागते.

या खेळांचा स्वतःचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला तेव्हा खेळाचे मुख्य ठिकाण तळघर होते: खोल्या, राक्षस, खजिना. अवघ्या दोन वर्षांत, १९७६ मध्ये, जजेस गिल्ड या छोट्या प्रकाशनसंस्थेने ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे अख्खे शहर छापले, आणि त्यात दुकानागणिक कोण बसते, काय विकते याच्या नोंदी होत्या. १९८१ मध्ये केऑसियमने ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ या कथामालिकेतले सँक्चुअरी हे शहर पेटीबंद संचात आणले. एड ग्रीनवुड यांचे वॉटरडीप १९८७ पासून पुस्तकामागून पुस्तकात विस्तारत गेले. लोकांना पाठांतराची हौस होती म्हणून ही पुस्तके निघाली नाहीत. तळघरात एकच प्रश्न असतो, पुढच्या दारामागे काय आहे. शहरात प्रश्न असतो, कुणाशी बोलायचे, कुणाला दुखवायचे, कुणाचे ऋण घ्यायचे. आणि तो प्रश्न तपशिलाशिवाय विचारताच येत नाही. २०१८ च्या ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ या साहसात खेळाडूंना एक पडीक खानावळ मिळते. ती चालवायला निघाले की निरनिराळ्या व्यावसायिकांचे संघ आपापले शुल्क मागत येतात, आणि शहराच्या कायद्याची, गुन्हा आणि शिक्षा अशी यादी खेळाडूंच्या हातात देण्यासाठी पुस्तकातच दिलेली आहे. ती यादी हाती आली की खेळाडू थांबून विचार करू लागतात. भर रस्त्यात तलवार उपसण्याआधी ते दंड मोजतात, साक्षीदार मोजतात, मागचा दरवाजा शोधतात. नियमांची यादी वाचून ते अधिक चतुर झालेले असतात.

तपशील निर्णयाला कसा जन्म देतो हे रबाळ्याच्याच भूगोलावर तपासून पाहू. समजा, एका काल्पनिक शहराची ठेवण अशी आहे: पूर्वेला दगडखाणींचा डोंगर, पश्चिमेला खाडी, मधून जाणारा एकच हमरस्ता. पात्रांना एक पेटी रात्रीतून खाडीवरून डोंगरावर न्यायची आहे. एवढेच ठाऊक असेल तर खेळाडू फासे टाकतील आणि पेटी पोहोचेल किंवा पोहोचणार नाही. आता त्यात कोळ्याला तोंडपाठ असलेला एकच तपशील घालू. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, त्याची चढउतार कमी. एवढे कळताच निर्णयांची रांग लागते. अष्टमीला सहाला भरती म्हणजे मध्यरात्री ओहोटी. होडी चिखलात रुतेल. पौर्णिमेला मध्यरात्री पाणी भरपूर असेल, पण चांदणे उघडे पाडील. अमावास्येला अंधारही आहे आणि पाणीही आहे, पण तोवर पेटी लपवायची कुठे? उघाडीतून आत शिरता येईल, पण उघाडी सांभाळणाऱ्याला विचारावे लागेल, आणि उघाडी अवेळी उघडली तर खारे पाणी ज्याच्या खाचरात शिरेल त्याचे पीक जाईल. तो शेतकरी पात्रांचा शत्रू होईल, की त्याला आधी जाऊन भरपाई द्यायची? सूत्रधाराने इथे एकही वळण लादलेले नाही. त्याने फक्त खाडी खरी ठेवली, आणि खेळाडूंसमोर पाच रस्ते उभे राहिले.

यावर सर्वांत ताकदीचा आक्षेप उत्स्फूर्ततेचा आहे. या खेळांची सगळी जादू ऐन वेळी सुचण्यात आहे, आधी लिहिलेले वाचून दाखवायचे तर कादंबरीच का वाचू नये, असे विचारले जाते. ‘डंजन वर्ल्ड’सारख्या खेळांनी नकाशात मुद्दाम रिकाम्या जागा सोडण्याचा सल्ला तत्त्व म्हणून मांडला आणि त्यातून उत्तम खेळ झाले, हे खरे आहे. पण उत्स्फूर्तता कशावर उभी राहते याचे उत्तर आपल्याकडे कोकणात शतकानुशतके तयार आहे. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. रात्रीचे आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि नट रंगमंचावर उभा राहून संवाद रचतो. हा प्रकार रंगतो, कारण आख्यान, त्यातली नाती, वैरे, शाप आणि वर हे सगळे नटालाही ठाऊक असते आणि समोरच्या प्रेक्षकालाही. संकासुर काय बोलेल हे आधी ठरलेले नसते; संकासुर कोण आहे हे पक्के ठरलेले असते. तो पक्का पाया काढून घेतला तर नटाला प्रत्येक वाक्यात आधी ओळख करून द्यावी लागेल आणि संवादाला धार येणार नाही. खेळाच्या टेबलावर तपशीलवार शहराचे काम तेच आहे. सूत्रधाराला ऐन वेळी सुचावे असे वाटत असेल, तर ज्यातून सुचेल असे काही त्याच्याजवळ आधी असले पाहिजे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला सहसा आधी कुठेतरी वाचलेले तेच सुचते: तोच धुरकट गुत्ता, तोच डोळ्यावर पट्टी बांधलेला चोर, तोच लाचखाऊ पहारेकरी. कोरी जागा आपोआप कल्पनेने भरत नाही. बहुतेक वेळा ती सवयीने भरते.

दुसरा आक्षेप आकाराचा. माँटी कुक यांचे ‘टॉलस’ हे २००६ साली आलेले शहर सहाशेहून अधिक पानांचे आहे. नोकरी-संसार सांभाळून हे कोण वाचणार? आक्षेप रास्त आहे, पण तो पुस्तक वापरण्याच्या एका पद्धतीवरचा आहे. शहर कुणीच पूर्ण वाचत नाही. रबाळ्यात राहणाऱ्याला बेलापूरच्या गल्ल्या पाठ नसतात. त्याला आपले स्थानक, आपला तलाव, आपली गावदेवी आणि कोणत्या वळणावर पावसाचे पाणी तुंबते हे ठाऊक असते, आणि तेवढ्यावर त्याचे शहर पूर्ण असते. टॉलसचा उपयोगही असाच करायचा असतो: या आठवड्यात खेळ ज्या पेठेत आहे ती पाने, आणि तिथे पोहोचणारी बाहेरची दोन भांडणे. उरलेली पाने गरज पडेल तेव्हा उघडण्यासाठी असतात. मराठीत अशा लेखनाची परंपरा फार जुनी आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले ती स्थाने दिशा आणि खुणांसह नोंदवते. ती सलग वाचून संपवायची गोष्ट म्हणून लिहिलेली नाही. त्या त्या ठिकाणी गेलेल्या माणसाला नेमकी जागा सापडावी म्हणून लिहिलेली आहे. शहराचे पुस्तक हे स्थानपोथीसारखे वापरावे, एवढे उत्तर या आक्षेपाला पुरते.

तिसरा युक्तिवाद जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चा दाखला देतो. २०१७ सालच्या त्या खेळातले डॉस्कव्होल हे शहर थोडक्या पानांत मावते आणि तरी टेबलावर जिवंत होते, म्हणजे तपशील अनावश्यक आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. दाखला नीट पाहिला तर निष्कर्ष उलटा निघतो. डॉस्कव्होलमध्ये १२ पेठा आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. डझनावारी टोळ्या, संस्था आणि घराणी आहेत. कोण कुणाचा मित्र, कोण वैरी आणि प्रत्येकाला सध्या काय मिळवायचे आहे, हे लिहिलेले आहे. एखादी टोळी आपले काम किती पुढे नेत आहे हे खेळाडू तिकडे फिरकले नाहीत तरी मोजले जाते. हा दाट तपशील आहे. फक्त तो विटांचा नसून हितसंबंधांचा आहे. डॉस्कव्होलचे यश हे तपशिलाविरुद्धचा पुरावा नाही. कोणता तपशील आधी लिहावा याचा तो उत्तम धडा आहे.

आणि इथेच मला विरोधकांचे म्हणणे मान्य करायचे आहे. मेलेला तपशील असतो. हजार वर्षांच्या राजवंशावळ्या, ज्यांचा कुणावर आज हक्क चालत नाही. देवळाच्या खांबांची मापे, ज्यांनी काही अडत नाही. प्रत्येक खानावळीच्या मालकाच्या डोळ्यांचा रंग. असे लेखन टेबलावर येत नाही आणि सूत्रधाराला थकवते. तसेच, ‘पुस्तकात असे लिहिलेले नाही’ म्हणून खेळाडूच्या चांगल्या सूचनेला नकार देणारा सूत्रधारही खेळाचे नुकसान करतो. शहर एकदा टेबलावर आले की ते टेबलाचे झाले. त्यात फेरफार करायचा अधिकार खेळणाऱ्यांचा आहे. पण यावर उपाय म्हणून नकाशा कोरा ठेवायचा नसतो. तपशील पारखून घ्यायचा असतो. त्यासाठी सातबाऱ्याइतकी चांगली कसोटी मला माहीत नाही. गाव नमुना ७ मध्ये जमिनीचा कब्जेदार असतो आणि त्याच्याजवळच ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो: कुळ, बोजा, वाट, वापराचा हक्क. नमुना १२ सांगतो की तिथे पिकते काय. आणि फेरफाराचा क्रमांक सांगतो की हे असे कधी आणि कशामुळे झाले. काल्पनिक शहरातल्या कोणत्याही विहिरीला, पुलाला, गोदामाला एवढेच विचारावे: ही जागा कुणाच्या ताब्यात आहे, तिच्यावर आणखी कुणाचा हक्क आहे, इथे काय पिकते, आणि शेवटचा बदल कशाने झाला? ज्या तपशिलाला या रकान्यांत जागा मिळते तो ठेवावा. ज्याला मिळत नाही तो खुशाल गाळावा. नावसुद्धा या कसोटीला उतरू शकते. स्थानकावर ‘रबाळे’ आणि महापालिकेच्या शाळांच्या नावांत ‘राबाडा’ असे याच गावाचे नाव दोन तऱ्हांनी चालते. काल्पनिक शहरात कोण कोणते नाव उच्चारतो यावरून तो कुठला, कुणाचा आणि किती जुना हे खेळाडूंना कळू शकते.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो हलका नाही. ज्या भूसंपादनात माणसांच्या शेती गेल्या, गोळीबारात जीव गेले, ते विरंगुळ्याच्या खेळाचे साहित्य करावे का? खऱ्या हुतात्म्यांना पात्रे बनवणे, खऱ्या कुटुंबांचे दुःख फाशांवर लावणे हे करू नये, यात शंका नाही. पण शहराची रचना समजून घेणे वेगळे. वसवणारा आणि आधीचा रहिवासी यांच्यातला ताण, कागद आणि कसणारा यांच्यातले अंतर, गरजेपोटी उभे राहिलेले घर आणि ते बेकायदा ठरवणारी रेघ, हे जगातल्या असंख्य शहरांचे सत्य आहे. ते कल्पित शहरात आणले तर खेळाडू त्याकडे दोन्ही बाजूंनी पाहतात: आज आराखडा आखणारा होऊन, उद्या बांध राखणारा होऊन. हे आणायचे नाही असे ठरवले तरी रिकामी जागा निष्पाप राहत नाही. आयत्या परदेशी साच्यात एक मध्ययुगीन युरोपी शहर येते, ज्याच्या तटाबाहेरची जमीन नायकांनी जिंकण्यासाठी पसरलेली असते आणि तिथले आधीचे रहिवासी राक्षस ठरलेले असतात. ज्या पट्ट्यात प्रत्येक भूखंडाखाली एक खाचर आहे, तिथल्या मुलांनी हा साचा न तपासता उचलू नये.

म्हणून रबाळे, ऐरोली, घणसोलीच्या इमारतींत शनिवारी रात्री फासे घेऊन बसणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की तपशिलाला घाबरू नका. सहाशे पानांची गरज नाही. एक खाडी, एक डोंगर, एक रस्ता घ्या. त्यावरच्या दहा जागा निवडा आणि प्रत्येकीचा सातबारा लिहा. तिथीगणिक भरतीची वेळ काढा. कुणाची उघाडी, कुणाचे खाचर, कुणाचा कारखाना, कुणाचे अर्धे बांधलेले घर हे ठरवा, आणि मग खेळाडूंना त्यात सोडा. ते पहिल्या पावलालाच कुणाच्या तरी बांधावर पाय ठेवतील. बांधाचा मालक घरातून बाहेर येईल आणि विचारील, तुम्ही कोण? त्या प्रश्नाचे उत्तर पात्राला द्यावे लागेल, आणि खेळ तिथून सुरू होईल.